बीटल्स फुटले त्या वर्षीच्या रेकॉर्डी: चौघांचे एकट्याचे अल्बम

मंद्रसप्तक

यंदाचा अख्खा पावसाळा मी १९७० सालात काढला. बीटल्स, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचा बँड, फुटला ते वर्ष. त्या बारा महिन्यांत चौघांनी स्वतःच्या नावाने जे अल्बम काढले, ते ज्या क्रमाने दुकानात आले त्याच क्रमाने लावले. एका बैठकीला एक, मधलं एकही गाणं न ओलांडता. आपल्याकडे 'इमॅजिन' आणि 'माय स्वीट लॉर्ड' सगळ्यांना ठाऊक असतात, पण ती ज्या रेकॉर्डींच्या आगेमागे आली त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

पहिला मान रिंगोचा. २७ मार्चला 'सेंटिमेंटल जर्नी' आला. लिव्हरपूलच्या घरी आई आणि इतर मंडळी जी जुनी गाणी म्हणायची, ती त्याने गायली. प्रत्येक गाण्याचं संगीत-संयोजन वेगळ्या माणसाकडे: एक क्विन्सी जोन्सकडे, एक खुद्द पॉलकडे. मुखपृष्ठावर त्याच्या लहानपणच्या घराजवळचा पब. बँड मोडायला आलेला आणि हा आईच्या आवडीची गाणी गातोय. रिंगोचा आवाज फार वर जात नाही, फार फिरतही नाही, पण त्या बैठकीनंतर तो मला घरातल्या माणसाचा वाटू लागला.

तीन आठवड्यांनी, १७ एप्रिलला, पॉलचा 'मॅकार्टनी'. लंडनच्या राहत्या घरात चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन आणून ठेवलं, सगळी वाद्यं स्वतः वाजवली, साथीला फक्त बायको लिंडाचा आवाज. तारखेवरून भांडण झालं, कारण बीटल्सचा 'लेट इट बी' मे महिन्यात यायचा होता. पॉलने थांबावं म्हणून निरोप घेऊन रिंगो त्याच्या घरी गेला, तर पॉलने चिडून त्याला घालवून दिलं. शेवटी पॉलचीच तारीख कायम झाली. अल्बमसोबत पत्रकारांना दिलेल्या छापील प्रश्नोत्तरांवरून १० एप्रिलच्या पेपरांत बातमी आली की बीटल्स संपले. हे सगळं माहीत असताना रेकॉर्ड लावली की वाटतं आता स्फोट होणार. प्रत्यक्षात अर्धवट गुणगुणलेल्या चाली, दारांचे आवाज, मधूनच हसू. आणि मग 'मेबी आय'म अमेझ्ड' येतं, तेव्हा कळतं की हा माणूस मोडून पडला होता आणि बायकोने त्याला उभं केलं.

सप्टेंबरात रिंगो पुन्हा. 'बोकू ऑफ ब्लूज', थेट नॅशव्हिलला जाऊन केलेला. जॉर्जच्या ध्वनिमुद्रणाला पीट ड्रेक नावाचा पेडल स्टील गिटारवाला आला होता, त्याच्याशी बोलता बोलता ठरलं. रेकॉर्डिंगला आठवडाही लागला नाही. कंट्री संगीत रिंगोच्या गळ्याला शोभतं, एवढंच म्हणतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस जॉर्जचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास', तीन तबकड्यांचा. शीर्षकगीत जानेवारी १९६९ मध्ये चौघांनी तालमीत वाजवून बाजूला ठेवलं होतं. 'इजन्ट इट अ पिटी' तर त्याहून कितीतरी जुनं. वर्षानुवर्षं अल्बममागे एक-दोन गाण्यांची जागा मिळालेला माणूस एकदम बांध फुटल्यासारखा वाहतो. तिसऱ्या तबकडीवरचे जॅम, म्हणजे जमून आयत्या वेळी वाजवलेले तुकडे, मला आजही लांबलेले वाटतात. पहिल्या दोन तबकड्यांत मात्र काढून टाकावं असं एकही गाणं मला सापडत नाही.

आणि ११ डिसेंबरला जॉनचा 'प्लास्टिक ओनो बँड'. जॉर्जकडे पन्नास माणसं वाजवताहेत असं वाटतं, इथे बहुतेक गाण्यांत तीनच. जॉन, बेसवर क्लाउस फोरमन, ड्रम्सवर रिंगो.

इथेच मी थांबलो. जॉर्जच्या त्या महापुरातही रिंगो आहे आणि जॉनच्या या उघड्याबोडक्या खोलीतही रिंगोच. त्याच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने. ३१ डिसेंबरला पॉलने भागीदारी मोडायला लंडनच्या हायकोर्टात दावा लावला, म्हणून कागदावर ते वर्ष भांडणाचं. पण या रेकॉर्डी क्रमाने ऐकल्या तर बँड मोडल्यानंतरही एकमेकांच्या गाण्यात हात कसे गुंतलेले राहिले ते ऐकू येतं. 'आय फाउंड आउट' ऐका आणि रिंगो काय काय वाजवत नाही तिकडे लक्ष द्या. मित्र बोलत असताना मध्ये न बोलणाऱ्या माणसाचा ठेका आहे तो.

तुम्ही यातलं काय ऐकलंय? पुढच्या वर्षांचंही लिहा.

सानिका_गिरगाव

मंद्रसप्तक, तळमळीने लिहिलंय तुम्ही. पण सुरुवात १९७० पासून केलीत तर आपल्या दारातली रेकॉर्ड सुटते. चौघांपैकी सर्वांत आधी एकट्याचा अल्बम काढला तो जॉर्जने, १ नोव्हेंबर १९६८ ला: 'वंडरवॉल म्युझिक'. बीटल्सच्याच ॲपल कंपनीची ती पहिलीच एलपी. आणि तिचा मोठा भाग मुंबईत, फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत झाला, जानेवारी १९६८ च्या दुसऱ्या आठवड्यात.

जो मासो या दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी ते संगीत होतं. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा मोनोच मशीन. म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन रेल्वेने आणलं. स्टुडिओला आवाजाचा बंदोबस्त नव्हता, खालच्या टॅक्सी आत ऐकू येत. जॉर्जनेच पुढे सांगितलंय की साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून धाडधाड उतरणाऱ्या लोकांमुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागे.

आणि वाजवणारे कोण? सरोदवर आशीष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड, सतारीवर शंभू दास. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे. शहनाईवाल्या दोघांची नावं शरद आणि हनुमान, आडनाव 'जादेव' छापलंय. मराठी डोळ्याला तिथे जाधव दिसतं. बीटल्सच्या पहिल्या सोलो रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ही नावं वाचताना मला दर वेळी भरून येतं.

'लव्ह सीन' नक्की ऐका. आशीष खाँनी आधी सरोद वाजवला आणि मग तोच ऐकत दुसरा सरोद वर चढवला, म्हणजे स्वतःशीच जुगलबंदी. 'क्राइंग'मध्ये तारशहनाई खरोखर रडते. 'गत किरवाणी' तर कुठल्याही मैफिलीत शोभेल. किरवाणी आपल्याकडे दक्षिणेतून आला, आणि त्याचे स्वर पाश्चात्त्य हार्मोनिक मायनरचेच, त्यामुळे लंडनच्या कानालाही तो परका वाटला नसणार. याच मुक्कामात 'दि इनर लाइट'ची साथही इथेच वाजवून घेतली. तेवढं गाणं मात्र बीटल्सच्या नावाने आलं, मार्च १९६८ मध्ये, 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला.

माझे बाबा त्याच सुमारास फोर्टात नोकरीला होते. साडेपाचला सुटायचे.

धुकं_आणि_चहा

वाचून हरखून गेले. मी यात अगदी नवीन आहे. बीटल्सची पंधरा-वीस गाणी माहीत, चौघांचं वेगळं काहीच नाही. कुठून सुरू करू? तीन तबकड्या एकदम झेपणार नाहीत.

रॅमप्रेमी

धुकं_आणि_चहा, तुम्ही पॉलच्या 'रॅम'पासून सुरू करा. १९७१ चा, मे महिन्यातला. पॉल आणि लिंडा अशा दोघांच्या नावावर निघालेला तो एकच अल्बम.

मंद्रसप्तक, तुमच्या यादीच्या बाहेर राहिला खरा, पण त्याचंही रेकॉर्डिंग १९७० च्या शरदातच न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं होतं. म्हणजे इकडे लंडनला जॉन 'मदर' गात होता, जॉर्ज आपला डोंगर रचत होता, आणि तिकडे पॉल नव्या मुलुखात नवे वादक शोधत होता. त्याच्याकडे रिंगो नव्हता. तुमच्या हात गुंतलेल्या चित्रात तो एकटाच बाहेर उभा आहे, हेही लिहायला हवं होतं.

तेव्हाच्या समीक्षकांनी 'रॅम'ला झोडपलं. हलकं, पोकळ, काय वाटेल ते म्हणाले. मला तो पॉलचा सर्वांत जिवंत अल्बम वाटतो. 'डियर बॉय'मध्ये आवाजांवर आवाज कसे रचलेत ते हेडफोन लावून ऐका. 'अंकल अल्बर्ट / ॲडमिरल हॅल्सी'मध्ये पाच मिनिटांत चार-पाच चाली बदलतात आणि एकही शिवण दिसत नाही. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. शेवटचं 'द बॅक सीट ऑफ माय कार' संपलं की मी गाडी बाजूला घेऊन थांबलेलो आहे. आज ज्याला लोक घरगुती ढंगाचा पॉप म्हणून डोक्यावर घेतात, तो याने तेव्हाच करून ठेवला होता.

'टू मेनी पीपल'मधले टोमणे जॉनला लागले आणि त्याने 'इमॅजिन' अल्बममध्ये 'हाउ डू यू स्लीप?' लिहून पॉलला फाडून काढलं. त्या गाण्यात स्लाइड गिटार जॉर्जची आहे. हात गुंतले होते ते असेही गुंतले होते. ते गाणं मी फक्त एकदाच ऐकलं, पुन्हा लावायची इच्छा झाली नाही.

मंद्रसप्तक

रॅमप्रेमी, मान्य. पॉलला मी थोडक्यात उरकलं, ते चुकलंच. 'रॅम' १९७० च्या पोटातला अल्बम आहे हे लक्षात घेऊन पुन्हा ऐकतो.

पॉलच्या 'बँड ऑन द रन'बद्दलही लिहा ना कुणीतरी. निघायच्या तोंडावर त्याच्या नव्या बँडमधले, 'विंग्ज'मधले, दोन वादक सोडून गेले, पॉल, लिंडा आणि गिटारवाला डेनी लेन तिघेच नायजेरियातल्या लागोसला पोचले, तिथे चाकूच्या धाकाने गाण्यांच्या टेप्स लुटल्या गेल्या, आणि तरी तो अल्बम असा ताजातवाना. पॉलचा हट्ट तिथे खरा कळतो.

अनुराधा_सातारा

मी 'प्लास्टिक ओनो बँड'वर लिहिते, कारण तो अल्बम मी तीन वर्षं लावू शकले नव्हते.

आई गेली तेव्हा मी चाळिशीची होते, दोन मुलांची आई. तरी जे आतून फुटलं ते सात वर्षांच्या मुलीचं होतं. 'मदर' आधी ऐकलेलं होतं, तेव्हा ते गाणं मला ओरडाआरडा वाटलं होतं. आई गेल्यावर एकदा रेडिओवर त्या सुरुवातीच्या घंटा वाजल्या, चार, संथ, खोल, आणि मी रेडिओ बंद केला.

जॉनची आई, ज्युलिया, १९५८ मध्ये गाडीखाली सापडून गेली. तो सतरा वर्षांचा होता. त्याआधीही ती त्याच्याजवळ राहत नव्हती, मावशीने वाढवलं. वडील लहानपणीच दूर. १९७० मध्ये आर्थर यानोव्ह या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याने उपचार घेतले. दडपलेलं लहानपणीचं दुःख ओरडून बाहेर काढायची ती पद्धत. मग येऊन हा अल्बम केला. 'मदर'च्या शेवटी तो आईला जाऊ नको आणि बापाला परत ये म्हणतो, पुन्हा पुन्हा, दर वेळी गळा जास्त फाटतो. सुरात राहायची काळजीच त्याने सोडलीय. आणि त्या सगळ्याखाली रिंगोचा ठेका एकसारखा, हलत नाही. मंद्रसप्तक, तुमचं ते वाक्य वाचलं आणि मला उमगलं की मी पुढे हे गाणं पुरतं ऐकू शकले ते त्या ठेक्याच्या आधाराने. कुणीतरी खोलीत बसून होतं.

अल्बम संपतो तो मिनिटभराच्याही आतल्या एका तुकड्याने, कॅसेटवर घरी मुद्रित केल्यासारखा खरखरीत. आई गेली, एवढंच. बालगीताच्या चालीवर.

नवीन माणसाने याच्यापासून सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. पण ज्याच्या घरात दुःख झालंय त्याने कधीतरी, दिवसाउजेडी, एकट्याने ऐकावा.

सानिका_गिरगाव

अनुराधाताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. नमस्कार.

ध्वनिमुद्रक

थोडं आवाजाबद्दल. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' कुठला ऐकताय यावर बरंच अवलंबून आहे. मूळ अल्बम जॉर्ज आणि निर्माता फिल स्पेक्टर यांनी मिळून केला. स्पेक्टरची पद्धत म्हणजे एकाच खोलीत अनेक गिटार, अनेक पियानो, दोन-दोन ड्रम्स, आणि सगळ्यांवर घुमारा. 'वाह-वाह' त्यामुळे भिंतीसारखं अंगावर येतं. तीस वर्षांनी नवी आवृत्ती काढताना जॉर्जला स्वतःलाच तो घुमारा जास्त वाटला होता. २०२१ मध्ये त्याचा मुलगा धनी याच्या देखरेखीखाली पॉल हिक्सने नव्याने मिश्रण केलं, त्यात जॉर्जचा आवाज पुढे आलाय, शब्द स्वच्छ लागतात, बेस मोकळा झालाय.

माझं मत: 'बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर', 'रन ऑफ द मिल' यांसारखी शांत गाणी २०२१ ची ऐका. 'वाह-वाह' आणि 'अवेटिंग ऑन यू ऑल' मात्र जुन्याच घुमाऱ्यात. देवळाच्या गाभाऱ्यातली आरती बाहेर मैदानात नेली तर शब्द कळतात, पण अंगावरचा काटा जातो.

रॅमप्रेमी

ध्वनिमुद्रक, इथे मी उलट बाजूचा. मला २०२१ चाच अख्खा आवडतो. जॉर्ज आधीच लाजाळू गायक, त्याला इतक्या वादकांच्या मागे उभं करणं हा अन्यायच झाला.

कोमल_ऋषभ

सगळे १९७० च्या आसपास घुटमळताय, मी एकदम २००२ वर येते. जॉर्ज २९ नोव्हेंबर २००१ ला गेला. अपुरी राहिलेली गाणी धनी आणि संगीतनिर्माता जेफ लिनने पुरी केली आणि वर्षभराने 'ब्रेनवॉश्ड' आला.

त्यात 'मारवा ब्लूज' नावाची शब्दांवाचून रचना आहे, नुसती स्लाइड गिटार. तिला २००४ मध्ये ग्रॅमी मिळालं. मी गाणं शिकवते, त्यामुळे नाव वाचून आधी पट्टी घेऊनच बसले. तर मारव्याचं व्याकरण तिथे शोधू नका. मारव्यात पंचम वर्ज्य, कोमल रिषभ जीव तोडून लावायचा, षड्जावर टेकायचंसुद्धा जपून. इथे साथीच्या कॉर्ड्समध्येच पंचम आहे, आणि गिटार षड्जावर सुखाने विसावते. पण मींड ऐका! स्वर नुसता लावत नाही, खालून उचलत नेऊन तिथे ठेवतो आणि ठेवतानाही किंचित हलू देतो. पाश्चात्त्य गिटारवाले स्लाइड वाजवतात ती ब्लूजच्या अंगाने. जॉर्जची स्लाइड गाते, आणि तिला असं गायला सतारीने शिकवलंय. काही वर्षं रविशंकरांकडे सतारीवर घासली आणि नंतर ती बाजूला ठेवली, पण बोटांत जे उतरलं ते शेवटपर्यंत राहिलं. मावळतीची ती हुरहुर आहे, म्हणून नावाशी माझं भांडण नाही.

आणि शेवटचं शीर्षकगीत. त्यात विक्रम घोष यांचा तबला आहे, मध्ये पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या पुस्तकातला उतारा वाचला जातो, आणि गाणं संपता संपता जॉर्ज आणि धनी, बाप-लेक, 'नमः पार्वतीपते हर हर महादेव' म्हणू लागतात. आमच्याकडे रविवारी सकाळी हे पहिल्यांदा लागलं तेव्हा सासूबाई आत भाजी निवडत होत्या. 'नमः पार्वतीपते' कानावर पडलं आणि त्यांनी आतूनच, खणखणीत, 'हर हर महादेव' दिलं. कीर्तन संपताना आयुष्यभर दिलंय तसं. मग बाहेर येऊन विचारलं, कोण म्हणतंय गं इतकं शांत? मी सांगितलं. त्या तिथेच खुर्चीवर बसल्या आणि पुन्हा लाव म्हणाल्या.

सानिका_गिरगाव

कोमलताई, काय सुंदर.

मधली एक कडी जोडते. १९७३ च्या 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड'वर तबला झाकिर हुसेन यांचा आहे, तेव्हा ते बाविशीचे. शीर्षकगीतात दोन बाजूंचं चक्क भांडण लावलंय. जगाच्या धबडग्याचं रॉक, त्यात रिंगोचं नाव घेऊन चिमूटभर ड्रम्सही येतात, आणि मग अचानक सगळं थांबून सतार, बासरी, तबला. आणि त्याआधी दोन वर्षं, १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या कार्यक्रमात झाकिरभाईंचे वडील, अल्लारखा. रविशंकर, अली अकबर खाँ आणि ते. वाद्यं लावून होताच टाळ्या पडल्या, तर रविशंकर म्हणाले की जुळवणं इतकं आवडलं तर वाजवणं अधिक आवडेल. तो अल्बमही जॉर्जच्या खात्यातच धरा. तिथे ड्रम्सवर, पुन्हा, रिंगो.

धुकं_आणि_चहा

आठवडाभराने परत आले. 'रॅम' ऐकला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा लेकही येऊन बसली, तिला 'अंकल अल्बर्ट' पाठ झालंय. काल 'ऑल थिंग्ज मस्ट पास'ची फक्त पहिली तबकडी ऐकली, २०२१ ची. 'इजन्ट इट अ पिटी' सात मिनिटांचं आहे हे संपल्यावर कळलं.

आता पुढे काय? अनुराधाताईंचा सल्ला पाळून जॉनचा तो एवढ्यात लावत नाही.

मंद्रसप्तक

आता रिंगोचा 'रिंगो' लावा, १९७३ चा. बँड फुटल्यानंतर चौघेही ज्या एका अल्बमवर आले तो हा. एका गाण्यात चौघे नाहीत, पण जॉनने त्याला 'आय'म द ग्रेटेस्ट' लिहून दिलं आणि त्यात जॉन, जॉर्ज, रिंगो तिघे वाजवतात. पॉल आणि लिंडाने 'सिक्स ओ'क्लॉक' दिलं आणि त्यात तेही आहेत. 'फोटोग्राफ' जॉर्ज आणि रिंगोने मिळून केलं, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकमेकांशी वकिलांमार्फत बोलणारी माणसं याच्या हाकेला आली. २०२५ च्या जानेवारीत त्याने 'लुक अप' काढला, पुन्हा कंट्री, वय ८४. १९७० चा नॅशव्हिलचा धागा त्याने सोडलेला नाही.

सानिका, काल फोर्टात काम होतं. मुद्दाम फिरोजशहा मेहता रस्त्याने गेलो आणि सव्वापाचला एका इमारतीच्या बाजूला उभा राहून कानात 'गत किरवाणी' लावलं. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या. जिने उतरणाऱ्या पावलांचा आवाज सरोदाच्या वर आला, तेव्हा मीही थांबवलं, गर्दी सरू दिली, आणि पहिल्यापासून लावून चर्चगेटकडे चालायला लागलो.